जॉन ड्यूई आणि कापसाचे बोंड

बाबासाहेबांचे तीन गुरू कोणते, हे आमच्या शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही सांगतो. भगवान बुद्ध, संत कबीर आणि महात्मा फुले ही नावे मुलांच्या जिभेवर बसलेली आहेत. परंतु ज्यांच्या वर्गात बाबासाहेब प्रत्यक्ष विद्यार्थी म्हणून बसले, त्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापकांविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. प्रा. जॉन ड्यूई हे ते नाव. तत्त्वज्ञ म्हणून ते जगाला परिचित आहेत. या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र लिहावयास घेतले ते मात्र आम्ही शिक्षक या नात्याने, आणि विज्ञानाच्या तासाला आम्हांस पडलेल्या एका प्रश्नापायी.

आमची बहुतेक मुले शेतमजुरांच्या घरची. घरी वऱ्हाडी बोलणारी, पुस्तकातील मराठीसुद्धा शाळेत येऊन शिकलेली. विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले आणि वर्गावर एक विचित्र शांतता पसरली. व्याख्या पाठ होत, गुणही मिळत. पण बाष्पीभवनाचा इंग्रजी शब्द अचूक लिहिणाऱ्या मुलीला, ओले लुगडे वाऱ्यावर लवकर का वाळते असे विचारले की ती मान खाली घाली. उत्तर तिला ठाऊक होते. ते विज्ञान आहे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. आणि इंग्रजीत सांगता येत नाही म्हणून तिने ते मनातच ठेवले. आधी भाषा येऊ द्यावी, विज्ञान मागाहून येईल, असे आम्ही धरून चाललो होतो. ड्यूईंचे आयुष्य वाचताना हे गृहीत डळमळू लागले.

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टन या गावी झाला. वडील आर्चिबाल्ड हे किराणा दुकानदार. आई लुसिना धर्मनिष्ठ आणि मुलांच्या शिक्षणाविषयी आग्रही. त्याच वर्षी जानेवारीत या दांपत्याचा जॉन नावाचा लहान मुलगा भाजून मरण पावला होता. पुढे जन्मलेल्या मुलास त्याचेच नाव दिले गेले. बर्लिंग्टन हे सरोवराकाठचे, लाकडाच्या वखारींचे गाव. घरची कामे मुलांनी करावयाची, सुट्टीत शेतावर जावयाचे, डोंगर आणि नदी पायाखाली घालावयाची, हा तेथील रिवाज होता. शाळेतील घोकंपट्टीपेक्षा या कामांतून आणि भटकंतीतून आपण अधिक शिकलो, ही जाणीव ड्यूईंनी आयुष्यभर जपली.

१८७९ मध्ये व्हरमाँट विद्यापीठातून पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी या तेलाच्या खाणींच्या गावी माध्यमिक शिक्षक झाले. लॅटिन, बीजगणित आणि विज्ञान असे विषय त्यांच्याकडे होते. स्वभाव लाजाळू, आवाज बेताचा. वर्गावर वचक म्हणून नसे. शिक्षणशास्त्राचा हा पुढचा महर्षी शाळामास्तर म्हणून फारसा यशस्वी नव्हता, हे आम्हां सामान्य शिक्षकांना थोडे दिलासा देणारे आहे. पुढे मावशीकडून पाचशे डॉलर उसने घेऊन ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, १८८४ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले. तेथेच १८८६ मध्ये ॲलिस चिपमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ॲलिस लहानपणीच पोरक्या झालेल्या, आजोळी वाढलेल्या. त्यांचे आजोबा कातड्यांचे व्यापारी होते, चिपेवा या आदिवासी जमातीने त्यांना आपल्यात घेतले होते आणि ती भाषा ते अगदी त्यांच्यासारखी बोलत. अन्यायाविषयीची चीड ॲलिस यांना या घरातून मिळाली. ड्यूईंच्या पुस्तकी तत्त्वज्ञानाला जमिनीवर आणले ते त्यांच्या पत्नीने, असे आमचे मत आहे.

१८९४ च्या जुलैत ड्यूई शिकागो विद्यापीठात रुजू होण्यास निघाले तेव्हा पुलमन कारखान्याच्या संपामुळे रेल्वे विस्कळीत झाली होती. वाटेत एका संपकरी कामगाराशी त्यांचे बोलणे झाले आणि त्या माणसाची निष्ठा पाहून ते हेलावून गेले. शिकागो तेव्हा परदेशातून पोट भरण्यास आलेल्यांचे शहर होते. १८९० च्या गणतीनुसार तेथील तीन चतुर्थांशांहून अधिक लोक एक तर स्वतः परदेशात जन्मलेले किंवा अशा आईबापांची मुले होती. जर्मन, आयरिश, पोलिश, इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू. घरात एक भाषा आणि शाळेत इंग्रजी.

त्या पहिल्याच वर्षी ड्यूईंवर घाला पडला. कुटुंब युरोपात असताना अडीच वर्षांचा मॉरिस मिलान येथे घटसर्पाने गेला. हे दुःख त्यांच्या मनातून कधीच पूर्णपणे गेले नाही.

जानेवारी १८९६ मध्ये विद्यापीठाची प्रायोगिक शाळा सुरू झाली, ती अवघ्या १६ मुलांनिशी आणि दोन शिक्षकांनिशी. शाळेसाठी बाके घ्यावयास ड्यूई शिकागोच्या दुकानांतून हिंडले. त्यांना हवी होती मुलांनी काम करावे अशी टेबले. एका समंजस दुकानदाराने त्यांना सांगितले की अशी वस्तू त्याच्याकडे मिळणार नाही, कारण त्याच्याकडील सारी बाके ऐकण्यासाठी केलेली आहेत. ड्यूईंनी ही गोष्ट पुढे आपल्या व्याख्यानांत सांगितली आणि १८९९ च्या ‘द स्कूल अँड सोसायटी’ या पुस्तकात ती नोंदविली. आपल्या वर्गांतून एकदा फेरफटका मारावा. तो दुकानदार काय म्हणत होता ते लगेच ध्यानी येते.

या शाळेत विज्ञान हा वेगळा तास म्हणून प्रारंभी नव्हताच. स्वयंपाक, सुतारकाम, कातणे-विणणे ही तिची मूळ कामे. एका गटाच्या हाती कापसाची बोंडे दिली गेली. सरकीपासून रुई वेगळी करावयाची. मुले अर्धा तास बोटे मोडत बसली आणि निघाली एक औंसही नव्हे, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमहून कमी रुई. मग कापूस आणि लोकर यांचे तंतू शेजारी ठेवून पाहिले गेले. लोकरीचा तंतू लांब आणि खरबरीत, म्हणून एकमेकांस धरून राहणारा. कापसाचा आखूड आणि गुळगुळीत. कापसाचे कापड लोकरीच्या मागून का आले, आणि सरकी काढण्याच्या यंत्राने एवढी उलथापालथ का केली, हे मुलांच्या बोटांनीच त्यांना सांगितले. तंतूंचा अभ्यास, यंत्राचे तत्त्व, भूगोल, इतिहास, सारे त्या बोंडातून निघाले.

येथे आम्ही थोडे अडतो. लोकर आधी आणि कापूस नंतर, हा निष्कर्ष त्या मुलांच्या पूर्वजांपुरता खरा. आपल्या भूमीत मोहेंजोदडोच्या काळापासून सुती कापड आहे. तेव्हा हा धडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. अर्थात बोंड हाती घेऊन प्रश्न विचारणे ही रीत उचलता येते, आणि हा मतभेदही मुलांसमोर ठेवता येतो.

दुसरा प्रसंग अंड्यांचा. स्वयंपाकाच्या तासाला भाज्या संपवून अंड्यांकडे वळावयाचे होते. एक मूल कंटाळले. पाककृतीच्या पुस्तकात लिहिले आहे तसे करून मोकळे का होऊ नये, अशी त्याची तक्रार होती. शिक्षिकेने ती तक्रार सर्वांपुढे ठेवली. केवळ कृती पाहून केले तर आपण जे करतो ते का करतो हे कळणार नाही, यावर मुले आपणच आली. मग पाणी कोमट, गरम, उकळते असे करून पाहिले आणि प्रत्येक वेळी अंड्याच्या पांढऱ्या भागाचे काय होते ते नोंदले. प्रथिने उष्णतेने कशी गोठतात हा रसायनशास्त्रातील धडा त्यांनी चुलीपाशी उभे राहून शिकला.

तिसरा, आम्हांस सर्वांत आवडलेला. मुलांनी धातू वितळविण्यासाठी स्वतः भट्ट्या बांधल्या. भट्ट्या पेटेनात. तोंड आणि मागची बाजू यांचे प्रमाण चुकले होते, हवा खेळत नव्हती. आता ज्वलन म्हणजे काय, हवेचा झोत कसा लागतो, कोणते इंधन चांगले, हे कळल्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्ञानाची गरज आधी उत्पन्न झाली आणि ज्ञान त्यामागून आले. मग त्या भट्ट्यांत तांबे आणि शिसे वितळले.

प्रकल्प या शब्दाची आपल्याकडे जी अवस्था झाली आहे ती पाहता हे मुद्दाम सांगावेसे वाटते. तालुक्याच्या दुकानातून थर्माकोलचा ज्वालामुखी विकत आणावयाचा, त्याला इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या डकवावयाच्या आणि परीक्षकांपुढे पाठ केलेले चार परिच्छेद म्हणावयाचे, याला आपण प्रकल्प म्हणतो. त्या मुलांच्या भट्ट्या पहिल्यांदा पेटल्याच नाहीत. आपल्या प्रदर्शनात न पेटलेली भट्टी मांडण्याची कुणाची छाती आहे?

१९०२ च्या सुमारास शाळेत सुमारे १४० मुले होती. एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यासारखी नाही. ही मुले बहुतेक प्राध्यापकांची आणि सुस्थितीतील घरांची होती. त्यांना इंग्रजी शिकावयाची नव्हती. ती त्यांची आईचीच भाषा होती. मग आमच्या प्रश्नाचे काय?

त्याचे उत्तर ड्यूईंच्या शाळेपासून काही मैलांवर, हॉलस्टेड रस्त्यावरील हल हाउसमध्ये मिळते. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये परदेशी कामगारांच्या वस्तीत उघडलेले हे सेवाघर. ड्यूई त्याचे विश्वस्त होते, तेथे व्याख्याने देत, आणि जेन ॲडम्स यांच्याशी त्यांची मैत्री एवढी की आपल्या एका मुलीस त्यांनी त्यांचे नाव दिले. दोघांपैकी कोण कुणापासून अधिक शिकले हे ठरविणे कठीण. आम्हांस वाटते, ड्यूईच.

जेन ॲडम्स यांनी एके दिवशी रस्त्याकडेला एक म्हातारी इटालियन बाई साध्या टकळीवर सूत काढीत बसलेली पाहिली. चेहऱ्यावर गावाची ओढ. तिच्यासारख्या कितीतरी बाया आसपास होत्या; त्यांच्या हातांत शतकांचे कौशल्य होते आणि या नव्या शहरात त्याला कवडीचीही किंमत नव्हती. त्यांची मुले कारखान्यांत यंत्रांपुढे उभी राहत; ती यंत्रे कुठून आली हे त्यांना माहीत नव्हते, आणि इंग्रजी न येणाऱ्या आईची त्यांना लाज वाटे. अनुभवाची सतत नवी मांडणी म्हणजे शिक्षण, हा ड्यूईंचा विचार जेन ॲडम्स यांच्या मनात होता. १९०० मध्ये त्यांनी हल हाउसमध्ये श्रमाचे संग्रहालय उघडले. सिरियन, ग्रीक, इटालियन, रशियन, आयरिश बाया तेथे आपापल्या रीतीने सूत कातून दाखवीत. टकळीपासून चरख्यापर्यंत आणि चरख्यापासून गिरणीपर्यंतची वाट एका खोलीत उभी राहिली.

तेथे एक इटालियन मुलगी दर शनिवारी संध्याकाळी पाककलेच्या वर्गाला येई. तिची आई त्याच वेळी संग्रहालयात टकळी फिरवून दाखवी. डोक्याला रुमाल, आखूड घागरा, जाडेभरडे बूट अशा वेषातील आई आपल्याबरोबर दिसू नये म्हणून मुलगी तिला पुढच्या दारापाशी सोडी आणि आपण बाजूच्या दाराने आत शिरे. एके दिवशी तिने पाहिले, तर विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातील पाहुणे आईभोवती गोळा होऊन तिचा हात निरखीत होते. त्यांच्या बोलण्यावरून मुलीने ताडले की टकळीवर सूत काढण्यात अमेरिकेत आपल्या आईची बरोबरी करणारे कुणी नसावे. त्यानंतर ती गावाकडच्या गोष्टी विचारू लागली. खाटेखालच्या पेटीत दडपून ठेवलेले आईचे घरी विणलेले कपडे बाहेर आले. आणि पुढे ती आईच्याच दाराने संग्रहालयात येऊ लागली.

टकळी म्हणजे अडाणी बाईचे साधन नव्हे. खालची जड चकती एकदा फिरविली की फिरत राहते, आणि त्या फिरण्याने तंतूंना पीळ पडतो. पीळ पडला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यातील घर्षण वाढते, आणि आखूड तंतूंचा लांब, न तुटणारा धागा होतो. जडत्व, परिवलन, घर्षण हे पाठ्यपुस्तकातील तीन धडे त्या बाईच्या बोटांत होते. त्यासाठी तिला इंग्रजी यावी लागली नव्हती. तिच्या मुलीला मात्र ते इंग्रजीत वाचावयाचे होते. आणि आईच्या हाताकडे पाहून मग वाचले तर ते परके वाटले नसते.

१९०२ च्या जुलैत मिनिआपोलिस येथे शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेत ड्यूईंनी याच विषयावर भाषण केले. परदेशी मुलांना शाळा फार घाईने आईबापांपासून तोडीत आहे, जुन्या घरातील भाषा, कला आणि संस्कार त्यांना हीन वाटू लागले आहेत आणि त्यांच्या जागी काही भक्कम असे मिळत नाही, हा धोका त्यांनी तेथे मांडला आणि हल हाउसच्या संग्रहालयाचा दाखला दिला. मुलांनी इंग्रजी शिकू नये असे त्यांनी म्हटले नाही. ती शिकण्याची किंमत म्हणून आईची लाज वाटू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

मागील हिवाळ्यात आम्ही वर्गात कापसाची बोंडे आणली. आमच्या मुलांना बोंड दाखवावे लागत नाही. त्यांच्या आया वेचणीला जातात, मुलेही सुट्टीत गेलेली असतात. सरकी हाताने काढली, प्रयोगशाळेच्या तराजूत रुई तोलली, चकती लावून टकळी फिरविली. पहिला अर्धा तास वर्ग पूर्णपणे वऱ्हाडीत बोलत होता आणि आम्ही तो बोलू दिला. तंतू, वस्तुमान, घर्षण यांचे इंग्रजी शब्द फळ्यावर आले ते मुलांनी विचारल्यावर. वर ज्या मुलीचा उल्लेख केला, तिने त्या दिवशी इंग्रजीत दोन वाक्ये लिहिली. क्रियापदे चुकली होती. विज्ञान बरोबर होते.

शिकागोतील शाळेचा शेवट कटुतेने झाला. दुसऱ्या एका शाळेशी तिचे एकत्रीकरण झाले, ॲलिस मुख्याध्यापिका झाल्या, आणि त्यांच्या नेमणुकीवरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी तीव्र मतभेद झाले. १९०४ मध्ये पतिपत्नींनी राजीनामे दिले. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात आठ वर्षांचा गॉर्डन विषमज्वराने गेला. या दुसऱ्या आघातानंतर इटलीत त्यांना साबिनो नावाचा त्याच्याच वयाचा मुलगा भेटला आणि त्यांनी त्याला दत्तक घेतले. शाळेत ज्यांच्याशी ड्यूईंचे विचारमंथन चाले त्या एला फ्लॅग यंग १९०९ मध्ये शिकागोच्या सर्व शाळांच्या प्रमुख झाल्या.

ड्यूई न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. १९१३ मध्ये तेथे भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. ड्यूईंची व्याख्याने आकर्षक नसत. टेबलाशी बसून, खिडकीबाहेर पाहत, शब्द चाचपीत ते बोलत. पण हा माणूस आपल्यासमोर विचार करीत आहे, हे ज्याला कळे तो खिळून जाई. बाबासाहेब अशांपैकी होते. १९१६ मध्ये ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बाबासाहेब लंडनला गेले. वीस वर्षांनी ‘जातिभेदनिर्मूलना’च्या भाषणात त्यांनी आपल्या या गुरूंचे ऋण नमूद केले.

१९१९ ते १९२१ अशी दोन वर्षांहून अधिक काळ ड्यूई चीनमध्ये होते. हू शी हा त्यांचा माजी विद्यार्थी दुभाष्याचे काम करी. आयुष्यभर शिकविलेल्या माणसाला स्वतः परक्या भाषेत बसावे लागले, आणि त्याचे विचार त्या भाषेत पोहोचले ते तिच्यातील माणसांच्या तोंडून. त्यांचेच एक विद्यार्थी ताओ शिंगझी यांनी नानजिंगजवळ खेड्यातील शिक्षकांसाठी शाळा काढली. शिक्षण हेच जीवन, हे गुरूंचे सूत्र त्यांनी उलटे केले आणि जीवनालाच शिक्षण मानले.

१९२७ मध्ये ॲलिस गेल्या. ड्यूई लिहीत राहिले. त्यांच्या नावाखाली कित्येक शाळांनी अभ्यासक्रमच फेकून दिला आणि मुलांना मोकाट सोडले, तेव्हा १९३८ मध्ये ‘एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन’ लिहून त्यांनी आपल्याच अनुयायांचे कान उपटले. प्रत्येक अनुभव शिकवितोच असे नाही. पुढच्या अनुभवाची वाट उघडणारा अनुभव निवडणे आणि त्याला विषयाची शिस्त लावणे हे शिक्षकाचे काम, ते त्याला टाळता येत नाही, असा त्याचा आशय. कापूस वर्गात आणला की आपले काम संपले असे समजणाऱ्या आम्हांलाही तो लागू आहे.

१ जून १९५२ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाच्या ९२ व्या वर्षी, न्यूमोनियाने जॉन ड्यूई यांचे निधन झाले. कोलंबिया विद्यापीठाने सन्माननीय पदवी देऊ केल्यामुळे बाबासाहेब त्याच दिवसांत भारतातून न्यूयॉर्ककडे निघाले होते. ड्यूईंना भेटावे अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांच्या मृत्यूची वार्ता त्यांना या प्रवासातच कळली. आपल्या बौद्धिक जीवनाचे सारे ऋण या माणसाचे आहे, अशा अर्थाचे पत्र त्यांनी माईसाहेबांना लिहिले. पदवीदानाचा समारंभ ५ जूनला झाला.